आरपार दगड

आमच्या जुन्या घराच्या उगवतीकडच्या भिंतीत, जोत्यापासून दोन हातांवर एक दगड आहे. त्याचं एक तोंड अंगणात दिसतं आणि दुसरं आत, धान्याच्या कणगीमागं. दगड एकच आहे. भिंत दोन फूट जाड, म्हणून दगडही दोन फूट लांब. लहानपणी मी बाहेरून त्याच्यावर खडा आपटायचो आणि आत बसलेल्या बहिणीला विचारायचो, आवाज आला का? असे दगड त्या भिंतीत ओळीनं आहेत. ते माझ्या आजोबांनी बसवले. आजोबा गवंडी, अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंडी आणि मीही गवंडीच. उमरगा आणि निलंग्याच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव आहे. वर काळी जमीन, तिच्याखाली कुठं हातभर तर कुठं पुरुषभर खोलीवर काळा दगड.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती भिंत उभीच राहिली. त्याच घराची मागची भिंत पडली. ती अण्णांनी १९७८ साली बांधली होती आणि तिच्यात एकही आरपार दगड नव्हता.

आजोबांना जे येत होतं ते अण्णांच्या हातून कसं सुटलं, हे मी पुढं तीस वर्षं स्वतःला विचारत आलो. उत्तर आमच्या घरापुरतं नाही. या भागात बांधकाम कुणाच्या हातात होतं, त्याची मजुरी कशावर ठरत होती आणि ते काम कोण कुणाला शिकवत होतं, याचा तो इतिहास आहे.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी लाकडी खांब उभे करायचे. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, दाटून अंथरायच्या. त्यांच्यावर पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यात वर माती. माती कुठलीही चालत नाही. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. माळवदाला पांढरीच लागते, कारण ती दाबून बसते आणि पाणी धरून फुगत नाही. जुनी गढी ढासळली की लोक तिची माती बैलगाडीनं आणून माळवदावर टाकत. घर किती मोठं हे खणांवर सांगत, पाच खणांचं, नऊ खणांचं. उजेडासाठी वर सवणं ठेवायचं, पाण्यासाठी पन्हाळी. एप्रिल-मे महिन्यात बाहेर डोकं भणभणत असताना आत माणूस निवांत झोपायचा. रात्री तेच माळवद अंथरुणाला, दिवसा कुरडया-पापड वाळवायला.

भिंती या सगळ्याच्या भोवती. छताचा भार खांबांवर असायचा, पण बऱ्याच घरांत बाजूचे खांब भिंतीतच गाडलेले असत. भिंत म्हणजे खरं तर शेजारी शेजारी उभ्या दोन भिंती, एक बाहेरच्या तोंडाची आणि एक आतल्या. मधल्या पोकळीत दगडाच्या कपच्या आणि चिखल भरायचा. चांगला गवंडी त्या दोघींना ठरावीक अंतरावर लांब दगडानं जखडून टाकायचा. हाच आरपार दगड. तो नसला तर भिंत वरून कितीही देखणी दिसो, आत ती फुटलेलीच असते. पावसाचं पाणी मुरतं, मधला भराव खाली बसतो, बाहेरचं तोंड पोट काढतं. अशा पोट काढलेल्या भिंती आम्ही गावोगाव पाहिल्या होत्या. लोक तिला लाकडाचा टेकू देत आणि दहा-दहा वर्षं काढत.

लांब दगड गवंडी काढत नसे, तो वडारांकडून यायचा. आमच्या भागात वडारांत कामाप्रमाणं नावं आहेत. गाडीवर दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे घडवणारे जाते वडार. खाणीत दगडाची शीर ओळखायची, तिच्यावर ओळीनं टाचे पाडायचे, त्यांत पोलादी पाचरा बसवून एकामागून एक ठोके द्यायचे. शीर बरोबर ओळखली असेल तर दोन-अडीच फुटांचा दगड वडीसारखा सुटतो, चुकली तर अर्ध्यात मोडतो. हे शिकायला पाच-सात वर्षं जायची आणि मुलगा बापाच्या शेजारी बसूनच ते शिकायचा. लांब दगडाचे पैसे नगावर मिळत. आजोबा घर बांधायला घेताना आधी वडारवाड्यावर जाऊन किती लांब दगड लागतील ते सांगून येत. त्यांच्याकडे अडीच हातांची एक काठी होती. भिंतीच्या प्रत्येक टप्प्याला ती काठी आडवी ठेवायची आणि तिच्या टोकाला आरपार दगड बसवायचा. अडीच हात म्हणजे पावणेचार फूट.

मग १९७२ चा दुष्काळ आला. अण्णा तेव्हा विशीत होते. बांधकामं बंद पडली, कारण दाणाच नाही तर घर कोण बांधणार? अण्णा, आजी आणि दोन काका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. त्यांच्या शेजारीच, त्याच ढिगावर, वडारवाड्यातली माणसंही खडी फोडत होती. ज्या हातांना शीर ओळखून लांब दगड काढता येत होता, ते हात दिवसभर दगडाचे बारके तुकडे करत होते. त्या कामानं आम्हाला जगवलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. दुष्काळातल्या त्या कामांतूनच पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला आणि मराठवाड्यातल्या माझ्या पिढीचं पोट त्याच्यावर भरलं. पण त्या कामांनी दगडाची मोजणी बदलली. रस्ता, पाझर तलाव, बांध, सगळीकडे माप एकच, ब्रास. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. किती दगड फोडला ते विचारायचं, कसा काढला ते नाही.

दुष्काळ सरल्यावर घरं बांधायला लागली तेव्हा हेच माप घराच्या भिंतीवर येऊन बसलं. अण्णांना मजुरी ब्रासवर मिळू लागली. जितकी भिंत उंच जाईल तितके पैसे. लांब दगड शोधून, ओळीत घेऊन, पाचर मारून बसवण्यात अर्धा दिवस जायचा आणि त्या अर्ध्या दिवसाचं माप शून्य. भाऊ वेगळे होत होते, घरं वाढत होती, मालकाला घाई होती. वडार रस्त्याच्या कामावर निघून गेलेले. शेतातल्या बांधावर गोल गोटे फुकट पडलेले. गोटे आणायचे, बाहेरचं तोंड तेवढं नीट लावायचं, मध्ये कपच्या आणि चिखल. अण्णांनी आमची मागची भिंत अशीच बांधली. ते चोर नव्हते, आळशीही नव्हते. तेव्हा ज्याचे पैसे मिळत होते ते काम त्यांनी केलं.

चूक छताचीही झाली आणि तिच्यात आजोबाही धरले पाहिजेत. माळवद गळू लागलं की वर नवी माती टाकायची, ही रीत. दर मृगाच्या आधी दोन-चार टोपल्या. जुनी उकरून मग नवी घालावी असं जाणती माणसं सांगत, पण तेवढी मेहनत कोण घेतो? वीस-तीस वर्षांत मातीचा थर फुटाच्या वर जायचा, कुठं दीड-दोन फूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास. तिचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. आमच्या माजघरावर ती माती होती आणि तिच्याखाली आम्ही सहा जण झोपत होतो.

भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत जे झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव थोडं दूर, म्हणून आम्ही वाचलो. मागची भिंत गोठ्याच्या अंगाला पडली. उजाडल्यावर अण्णा त्या ढिगापुढं उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी ढिगाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, “बघ, एक सुदीक लांब दगड नाही ह्यात.” दुपारपर्यंत ते कुणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन किल्लारीकडं गेले, ते आठ दिवसांनी परतले.

पुढचे काही महिने एकच वाक्य कानावर पडत होतं, दगड-मातीच्या घरांनी माणसं मारली. ज्यांची माणसं त्या दगडाखाली गेली त्यांना दगडाची भीती बसली तर ते समजू शकतं. लोक वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, पण माळवदाखाली जायला तयार नव्हते. मात्र दोष देताना एक गोष्ट विसरली गेली. तेव्हाच्या भूकंप नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात टाकला. भिंत कशी बांधावी हे गवंड्याला सांगायला तोवर कुणी आलं नव्हतं. आणि जे आधीपासून माहीत होतं ते ब्रासच्या हिशेबात हरवलं होतं. पडलेल्या गावांत फिरताना अण्णांनी एक पाहिलं आणि पुढं अभियंत्यांनीही तेच नोंदवलं. कित्येक घरांत भिंती पार कोसळल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागेवर उभा होता.

पुनर्वसन दोन तऱ्हांनी झालं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथली घरं शासनानं, देणगीदार संस्थांनी आणि ठेकेदारांनी उभी केली. जमीन किती यावरून घराचं क्षेत्रफळ ठरलं, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. सरळ रेषेतले रस्ते, काँक्रीटच्या एकसारख्या ओळी. ती घरं भक्कम आहेत आणि त्या माणसांना डोक्यावर छप्पर तातडीनं हवं होतं, हे मी मान्य करतो. पण त्या कामांवर मी सहा महिने होतो. आखणी बाहेरची, मिस्त्री बाहेरचे, माल बाहेरचा. आम्हा गावच्या गवंड्यांच्या हातात घमेलं होतं. ज्या एका कामावर मी होतो तिथल्या ठेकेदारानं शेवटच्या महिन्याची मजुरी दिलीच नाही. पैसे बुडाले याहून मला हे अधिक लागलं की सहा महिन्यांत मी नवं काहीही शिकलो नाही.

दुसरी तऱ्हा दुरुस्ती आणि बळकटीकरणाची. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमाचाच हा भाग. जिथं घरं तडकली, अर्धी पडली, अशा गावांत मदतीचे पैसे हप्त्याहप्त्यानं थेट घरमालकाला. मालकानं आपला गवंडी निवडायचा, आपल्या देखत काम करून घ्यायचं. जवळपास दोन लाख घरांचं काम असं झालं. एवढ्या घरांना गवंडी आणायचे कुठून? म्हणून गावच्या गवंड्यांनाच शिकवायचं ठरलं. अण्णा आणि मी दोघंही त्या शिक्षणाला बसलो. अण्णा तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना त्यांच्या धंद्याबद्दल शिकवत होतं.

पहिल्या दिवशी एका तरुण अभियंत्यानं फळ्यावर भिंतीचा छेद काढला. दोन तोंडं, मध्ये भराव. मग खडूनं आरपार दगड काढला आणि शेजारी आकडे लिहिले. आडवं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको, उंचीत दर दोन फुटांना एक ओळ. दगड-मातीच्या बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस १३८२८ ही संहिता त्याच १९९३ साली आली होती, तिच्यातले ते आकडे. अण्णा उठून उभे राहिले. म्हणाले, “सायेब, ह्यो तर माझ्या बाचा दगड हाय.” आणि त्यांनी अडीच हातांच्या काठीची हकिकत सांगितली. अभियंत्यानं ती वहीत लिहून घेतली. संहितेत आजोबांच्या विरुद्धही काही होतं, तेही सांगतो. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. जाड भिंत मजबूत, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज होता. जाडी वाढली की मधला पोकळ भराव वाढतो आणि तोच घात करतो, हे त्या दिवशी कळलं.

उभ्या भिंतीत नवा आरपार दगड कसा घालणार? ती युक्ती मला आजही फार आवडते. भिंतीच्या बाहेरून एक दगड हळूच सोडवून काढायचा. ठोके द्यायचे नाहीत, पहारीनं माती मोकळी करून दगड हलवत आणायचा. त्याच्या समोर आतल्या बाजूनं दुसरा दगड काढायचा. मधली माती-कपची खरवडून तीन बोटं रुंदीचं आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये निमुळतं, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचं. मग दहा दिवस पाणी. काँक्रीट बसलं की भिंतीची दोन्ही तोंडं डमरूच्या कमरेनं एकमेकांना धरतात. त्याशिवाय माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या ठोकायच्या, दारांच्या वर घराभोवती जाळी लावून सिमेंटचा पट्टा ओढायचा. बारा घमेली माती उतरवली तरी घरातली म्हातारी माणसं हळहळायची, त्यांनी ती डोक्यावरून वाहिलेली असायची.

कामावर लक्ष ठेवायला बायका होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं सुमारे १,२०० गावांत संवाद सहायक नेमले, त्यांत गावातल्या बायका होत्या. आमच्या गावात माझी चुलतीच ते काम करायची. चौथी शिकलेली, पण सळईचा आकडा वळवलेला दाखवल्याशिवाय ती भोकात काँक्रीट भरू देत नसे. अण्णा चिडायचे, “वहिनी, आता तू मला शिकवणार का?” ती म्हणायची, “भावजी, घर माझं बी हाय गावात.” भिंतीच्या आत काय आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असणं, ही आमच्या भागात नवीन गोष्ट होती. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडं गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. गुजरातनंही घर बांधायचे पैसे मालकाच्या हाती दिले.

ती तीन-चार वर्षं मी पाहिलेल्या गवंडीकामातली सगळ्यात चांगली. गावातच काम होतं. पुण्याला कुणी जात नव्हतं. सुतारांना खांबाच्या पट्ट्यांचं, लोहाराला आकड्यांचं काम होतं. लांब दगडाला पुन्हा मागणी आली म्हणून वडारवाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या नातवाला पाचर मारायला शिकवलं. १९९५ च्या उन्हाळ्यात अण्णांनी आमची मागची भिंत पुन्हा बांधली, त्याच पडलेल्या दगडांची, दीड फुटाची. आरपार दगड तेवढे नवे आणले. मी गारा करून देत होतो.

मग कार्यक्रम संपला. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. शिकवणारे अभियंते बदलून गेले आणि पुढच्या मुलांना शिकवायची व्यवस्था कुणी ठेवली नाही. माझा राग इथं आहे. हजारो गवंड्यांच्या हातात एक विद्या परत आणून दिली होती आणि ती एका पिढीपुरतीच राहिली. आमच्यातले निम्मे पुण्याच्या, हैदराबादच्या इमारतींवर विटा लावायला गेले. मीही नऊ वर्षं पुण्यात होतो. तिथं आरपार दगडाची गरज नव्हती.

आता परत आल्यावर मी मुलांना शिकवतो. आज सरकारी सोयीही आहेत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात २०११ पासून कल्याणकारी मंडळ आहे, वर्षात नव्वद दिवस काम केलं की नोंदणी होते. घरकुल योजनेखाली गवंड्यांना ४५ दिवसांचं प्रशिक्षणही प्रत्यक्ष घर बांधता बांधता देतात. या सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत आणि माझ्या तरुणपणी त्या नव्हत्या. पण मी पाहिलेल्या तुकड्यांत वीट, ब्लॉक आणि सिमेंट एवढंच शिकवलं गेलं. ज्या जमिनीत हातभर खाली दगड आहे तिथला मुलगा दगडाची भिंत लावायला शिकत नाही. सिमेंटसाठी चुनखडीची भट्टी साडेचौदाशे अंशांवर तापवावी लागते, मग ते दुरून वाहून आणायचं. आमच्या मागच्या भिंतीचा दगड आमच्याच शेतातला आहे, तो दोनदा वापरून झाला आणि तिसऱ्यांदाही वापरता येईल. सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते भोकातल्या बंधापुरतं, पट्ट्यापुरतं वापरावं आणि बाकीचे पैसे गवंड्याच्या, वडाराच्या, सुताराच्या हाती पडावेत, एवढंच म्हणतो. दगडकामाची मजुरी मात्र ब्रासवर ठरवू नका. रोजावर द्या आणि आरपार दगडाचे वेगळे मोजा.

सध्या गावोगाव जुनी घरं पाडली जात आहेत. जेसीबी येतो, सकाळी माळवद होतं तिथं संध्याकाळी मोकळी जागा असते आणि दगड क्रशरला जातो. तुमचं घर असं पाडायला निघालं असेल तर आधी एक काम करा. भिंतीजवळ जा आणि बाहेरून दिसणारा मोठा दगड आतूनही दिसतो का ते बघा. अडीच हातांवर दुसरा आहे का ते बघा. असेल तर ती भिंत ठेवा, वरची माती तेवढी उतरवा. नसेल तर जवळच्या जुन्या गवंड्याला बोलवा. एका भिंतीला बंध घालायला चार दिवस लागतात आणि दहा दिवस पाणी मारावं लागतं.